देवाच्या कुंपणाबाहेरचे घर

एपिडॉरसला जाणारे बहुतेक लोक तेथील नाट्यगृह पाहावयास जातात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. डोंगराच्या कुशीत बसविलेले ते दगडी अर्धवर्तुळ, बैठकांच्या ५५ ओळी, बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय, आणि मधल्या रंगभूमीवरचा आवाज वरच्या ओळींपर्यंत पोचावा अशी रचना, हे सारे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही. वाटाडे आगपेटीची काडी ओढून दाखवितात. कोणी हौशी मनुष्य चार ओळी म्हणून पाहतो. मंडळी टाळ्या वाजवितात आणि मोटारीकडे परततात. परंतु हे नाट्यगृह त्या जागेचे मुख्य अंग कधीच नव्हते. जुन्या काळी लोक येथे येत ते नाटकासाठी नव्हे, तर शरीराच्या दुखण्यासाठी. ज्या देवालयाच्या आश्रयाने हे नाट्यगृह उभे राहिले त्याचे अवशेष खाली, पाइन वृक्षांच्या सावलीत, थोड्याच अंतरावर पसरलेले आहेत. तेथे पाहण्यासारखे फारसे नाही. बहुतेक इमारतींचे पायेच काय ते उरले आहेत, आणि पाये पाहून हर्ष होणारी माणसे पुराणवस्तुसंशोधकांखेरीज विरळाच. मला मात्र त्या पायांनी नाट्यगृहापेक्षा अधिक काळ थांबवून धरले, आणि त्याचे कारण तेथील शिल्प नसून तेथील एक नियम होय. त्या नियमाविषयी, आणि त्या नियमापायी कुंपणाबाहेर बांधाव्या लागलेल्या एका घराविषयी, चार शब्द लिहावे असा मानस आहे.

हे देवालय अस्क्लेपिअस या वैद्यदेवाचे. ग्रीकांच्या कथेप्रमाणे तो अपोलोचा पुत्र. एपिडॉरसचे लोक आणखी सांगत की त्याच्या मातेने जन्मतःच त्याला येथल्याच डोंगरावर टाकून दिले, एका शेळीने त्याला दूध पाजले आणि कळपाच्या कुत्र्याने त्याची राखण केली. पुढे तो विद्येत इतका पारंगत झाला की मेलेल्या माणसासही उठवू लागला. तेव्हा झ्यूसने वज्र टाकून त्यालाच मारले. पिंडार कवी म्हणतो की हे त्याने सोन्याच्या लोभाने केले. प्लेटोला हे मान्य नाही, कारण देवपुत्र असेल तर लोभी नव्हे, आणि लोभी असेल तर देवपुत्र नव्हे, असे त्याचे म्हणणे. या वादात आपण पडण्याचे कारण नाही. ध्यानात ठेवण्याची गोष्ट इतकीच की हा देव मरण ओलांडू पाहिल्याबद्दल शिक्षा भोगलेला देव आहे. ऑलिंपसवरील इतर देवांस मरणाचा अनुभव नाही. याला तो आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात त्याची कीर्ती शिखरास पोचली. त्याच शतकात मंदिर झाले, सोने व हस्तिदंत यांची मूर्ती झाली. ती मूर्ती थ्रॅसिमिडीस नावाच्या शिल्पकाराने घडविली होती. देव सिंहासनावर बसलेला, एका हातात दंड, दुसरा हात सापाच्या मस्तकावर, आणि पायाशी कुत्रा. मंदिराच्या बांधकामाचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवलेला होता व तो सापडला आहे. कोणत्या मक्तेदाराने कोणते काम किती रकमेस घेतले हे त्यात वाचावयास मिळते. देवाच्या कामातही हिशेब चोख असावा ही त्या लोकांची वृत्ती मला फार आवडते. जवळच एक गोल इमारत होती. तिच्या पायात एकात एक अशा वर्तुळाकार भिंतींचा चक्रव्यूह आहे, आणि तो कशासाठी होता याविषयी विद्वानांचे अजून एकमत नाही. यात्रेकरूंसाठी प्रशस्त धर्मशाळा होती. चार चौकांची, दुमजली, १६० खोल्यांची. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे. हे सर्व मातीखालून वर काढण्याचे श्रेय पानागिओटिस काव्हादियास या ग्रीक संशोधकाकडे जाते. १८८१ साली त्याने अथेन्सच्या पुराणवस्तुसंशोधन मंडळातर्फे खोदकामास आरंभ केला.

उपचाराची रीत अशी. रोग्याने स्नान करून शुद्ध व्हावे, देवास बळी किंवा नैवेद्य अर्पावा, आणि रात्री एका लांबट ओवरीत निजावे. या ओवरीला ॲबॅटॉन म्हणत. म्हणजे जेथे वाटेल त्याने पाऊल टाकू नये अशी जागा. झोपेत देव येई. कधी तो हात लावी, कधी औषध पिळी, कधी पोट चिरून रोग काढी. कधी त्याच्या ऐवजी साप किंवा कुत्रा येऊन दुखरा भाग चाटून जाई. सकाळी रोगी बरा होऊन उठे. आपल्याकडे देवाच्या दारी धरणे धरून बसण्याची, स्वप्नात दृष्टांत होण्याची आणि बरे वाटल्यावर चांदीचे डोळे वाहण्याची चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या रीतीत नवल वाटण्यासारखे काही नाही.

नवल वाटते ते तेथील शिलालेखांचे. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने देवालयाच्या आवारात अशा सहा शिला उभ्या पाहिल्या. पूर्वी याहून अधिक होत्या असे तो लिहितो. खोदकामात त्यांपैकी काही हाती लागल्या, आणि त्यांवर सुमारे ७० रोगमुक्तींच्या हकीकती वाचता येतात. नाव, गाव, रोग, स्वप्न आणि परिणाम, एवढेच. अलंकार नाही, स्तुती नाही. कारकुनाच्या हातची भाषा आहे. युफॅनीस नावाचा एक स्थानिक मुलगा मूतखड्याने आजारी. स्वप्नात देव त्याच्यापुढे उभा राहून विचारतो, बरे केले तर मला काय देशील? मुलगा म्हणतो, दहा गोट्या. या गोट्या म्हणजे मेंढीच्या घोट्याची हाडे. आपल्या सागरगोट्यांच्या जातीचा खेळ ग्रीक मुले त्यांनी खेळत. देव हसतो आणि बरे करीन म्हणतो. सकाळ झाली, मुलगा बरा होऊन बाहेर आला.

मी या लेखात जे थोडे गंभीर बोलणार आहे त्याआधी ही दहा गोट्यांची कथा वाचकांनी मनात मुरू द्यावी. कोणत्याही धर्माच्या चमत्कारकथा काढून पाहा. त्यांत देव कृपा करतो, रागावतो, कसोटी पाहतो. लहान मुलाशी सौदा करून हसणारा देव फारसा भेटत नाही. आपली सर्व दौलत देऊ करणाऱ्या मुलाची किंमत त्या देवाने ओळखली. ही कथा रचणारा, किंवा ऐकून कोरविणारा, पुजारी कोणी का असेना, त्याने आजारी मुले जवळून पाहिली होती यात मला शंका नाही.

दुसरी कथा अथेन्सच्या अँब्रोझियाची. ती एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना तिने शिला वाचल्या आणि लंगडे-आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे होतात हे कसे शक्य आहे म्हणून ती हसली. देवाने स्वप्नात येऊन सांगितले की तुला बरे करीन, पण तुझ्या अज्ञानाची खूण म्हणून एक चांदीचे डुक्कर वाहावे लागेल. तो तिचा डोळा चिरून औषध घालतो, आणि ती बरी होते. हाताची बोटे लुळी पडलेल्या आणखी एका मनुष्याने असाच अविश्वास दाखविला. त्याची बोटे देवाने सरळ केली, मात्र यापुढे तुझे नाव ‘अविश्वासी’ असे म्हणून दिले. या थट्टेत पुजाऱ्यांचा हेतू उघड आहे. शंका घेणाऱ्याचे तोंड बंद करावयाचे. तथापि एक गोष्ट सुटू नये. येथे श्रद्धा ही बरे होण्याची अट नाही. संशयी माणूसही बरा होतो. यामुळे, जो बरा झाला नाही त्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे सांगण्याची पळवाट हा देव निदान या कथांत तरी ठेवीत नाही. श्रद्धेने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या अलीकडच्या पुष्कळ मंडळींपेक्षा चौथ्या शतकातील हे पुजारी या एका बाबतीत अधिक सभ्य होते असे म्हटले पाहिजे.

आता या कथा खऱ्या काय? यांतील काही निःसंशय अशक्य आहेत. पाच वर्षे गर्भ वाहिलेल्या स्त्रीस जन्मतःच चालणारा मुलगा झाला, ही त्यांतलीच. काही सहज शक्य आहेत. निकॅनॉर नावाचा लंगडा जागेपणी बसला असता एका पोराने त्याची कुबडी पळविली. तो उठून त्याच्यामागे धावला आणि बरा झाला. असे लंगडेपण मनाच्या वैद्यांस आज अपरिचित नाही. पुष्कळ दुखणी काही दिवसांनी आपोआप ओसरतात; प्रवास, विश्रांती, उत्तम हवा, पथ्य आणि आशा यांचाही वाटा असतो. पुढच्या काळात तर देव स्वतःच वैद्यासारखा बोलू लागतो. दुसऱ्या शतकातील अपेलास नावाच्या एका गृहस्थाचा लेख सापडला आहे. त्याला अपचनाचा विकार. देवाने त्याला ब्रेड आणि चीज खा, चाकरावाचून स्नान कर, पळण्याचा व्यायाम कर, अनवाणी चाल, दूध मध घालून घे, असे एकामागून एक हुकूम सोडले. न्हाणीघरातील नोकरास एक द्राख्मा दे असेही सांगितले. आणि प्रवासातच आज्ञा झाली होती की फार चिडचिड करू नकोस. यातील बहुतेक सल्ला आजच्या वैद्याने दिला तरी कोणी आक्षेप घेणार नाही.

उपहास करणारेही त्या काळी होतेच. ॲरिस्टोफेनीसने ख्रिस्तपूर्व ३८८ मधील आपल्या ‘प्लूटस’ नाटकात, रोगी निजल्यावर वेदीवरचा प्रसाद गुपचूप पोत्यात भरणारा पुजारी दाखविला आहे. आणि सिसेरोने डायागोरस या नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे. समुद्राच्या वादळातून वाचलेल्यांनी नवसाने वाहिलेली चित्रे मित्राने त्याला दाखविली व विचारले की आता तरी देव आहेत हे पटते ना? त्यावर तो म्हणाला की जे बुडाले त्यांची चित्रे येथे कोठे लावलेली दिसत नाहीत. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण मी कित्येक वर्षे देत आलो आहे. त्याने विद्यार्थी हसतात आणि ते त्यांच्या लक्षातही राहते. परंतु एपिडॉरसच्या शिलांपुढे उभे असता मला वाटले की डायागोरसचा प्रश्न अर्धाच आहे. बुडालेल्यांची चित्रे नाहीत हे खरे. पण चित्र न लावणे हा काही गुन्हा नव्हे. बरा न झालेला माणूस कशाला शिला उभारील? शिला हे आभाराचे पत्र आहे, रुग्णालयाची नोंदवही नव्हे. तिने मौन पाळले म्हणून ती खोटी ठरत नाही. खरा प्रश्न असा की ज्यांची नावे शिलेवर चढणार नव्हती त्यांचे तेथे काय केले जाई? कारण ते येतच असणार. घरचे वैद्य थकल्यावरच माणूस इतक्या दूर देवाकडे येतो.

येथे तो नियम येतो. पॉसेनियस सांगतो की अस्क्लेपिअसच्या कुंजाला चोहोंकडून सीमेचे दगड लावलेले आहेत, आणि त्या सीमेच्या आत कोणी मरावयाचे नाही व कोणी स्त्रीने बाळंत व्हावयाचे नाही. मराठी वाचकास हा नियम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सोयर आणि सुतक हे दोन शब्द आपल्या घरात आहेतच. ग्रीकांनाही जन्म व मृत्यू या दोहोंचा विटाळ होता. डेलॉस बेटावर अपोलोच्या पावित्र्यासाठी अथेन्सच्या लोकांनी ख्रिस्तपूर्व ४२६ च्या हिवाळ्यात सगळी थडगी उकरून काढली आणि मरणोन्मुख व आसन्नप्रसव माणसांना शेजारच्या रेनिया बेटावर नेण्याचा कायदा केला. तेव्हा नियम एकट्या एपिडॉरसचा नव्हे. पण डेलॉस हे वैद्यदेवाचे स्थान नव्हते. जेथे माणसे मरण टाळण्यासाठीच येतात तेथे मरणास बंदी असणे ही गोष्ट निराळी. शिलांवरील पहिलीच कथा त्या पाच वर्षांच्या गरोदर स्त्रीची, क्लिओची, आहे. आणि तीत बारकाईने नमूद केले आहे की ती ओवरीत निजली, उठली, पवित्र आवाराच्या बाहेर आली आणि मग प्रसूत झाली. चमत्कार करावयाचा तर देवालासुद्धा तो कुंपणाबाहेर करावा लागला.

या नियमाचे समर्थन अनेक प्रकारे करता येईल. ते मी प्रामाणिकपणे मांडू इच्छितो, कारण जुन्या लोकांना आजच्या फूटपट्टीने मोजून मोकळे होणे फार सोपे असते.

पहिले समर्थन आशेचे. शंभर रोगी एका ओवरीत निजले आहेत; त्यांपैकी एकाला मध्यरात्री घरघर लागली तर उरलेल्यांना कसले स्वप्न पडणार? आशा हे जर तेथील औषध होते तर ते शुद्ध ठेवणे हे वैद्याचे कर्तव्यच. आजच्या रुग्णालयातही खाटेभोवती पडदा ओढतात तो काय उगाच?

दुसरे समर्थन देवतांच्या स्वभावाचे. ग्रीक देव अमर, म्हणून मरण हे त्यांच्या दृष्टीस पडणेच अनुचित. युरिपिडीसच्या ‘हिप्पोलिटस’ नाटकाच्या अखेरीस मरणाच्या दारी असलेल्या आपल्या लाडक्या भक्ताला आर्टेमिस देवी सोडून जाते, कारण प्रेताने डोळे विटाळू देण्याची तिला मुभा नाही. जन्मभर जिची सेवा केली ती ऐन वेळी उठून जाते, आणि जवळ राहतो तो त्याच्यावर अन्याय करणारा त्याचा बाप. ‘अल्सेस्टिस’ नाटकाच्या आरंभी अपोलोही असाच मरणघरातून काढता पाय घेतो. युरिपिडीसला या गोष्टी खुपत होत्या असे मला वाटते. त्याने त्या स्पष्ट दाखविल्या आणि टीका करण्याचे काम प्रेक्षकांवर सोडले. अशी नाटके जेथे होत त्या नाट्यगृहांपैकी एक याच देवालयाच्या आश्रयाला असावे, हा योग मोठा विचित्र आहे.

तिसरे समर्थन मला सर्वांत बलवान वाटते. मरण ओलांडू पाहिल्यामुळे ज्या देवावर वज्र पडले, त्याच्या आवारात मरणाला सीमा असावी हे एका अर्थी योग्यच. येथवर माझी विद्या, यापुढे नाही, असे तो दगड रोवून सांगत होता. बुवाबाजी अशी सीमा कधी सांगत नाही.

आणि देवाला दोष द्यावा तर ज्यांनी देवाची गरज मानली नाही त्या वैद्यांनी तरी निराळे काय केले? हिपोक्रॅटीसच्या नावावर असलेल्या ‘वैद्यकला’ या प्रबंधात वैद्याची तीन कामे सांगितली आहेत. रोग्याचे क्लेश दूर करावे, रोगाचा जोर कमी करावा, आणि ज्यांना रोगाने पुरते जिंकले आहे त्यांच्यावर उपचार करण्याचे नाकारावे. आपल्याकडे चरकानेही असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानी होते असा इशारा दिला आहे. प्लेटोने तर याच अस्क्लेपिअसला साक्षीला बोलावून सिद्धान्त काढला की जो स्वतःच्या वा नगराच्या उपयोगाचा नाही त्याचे आयुष्य पथ्यावर ओढीत ठेवू नये. त्याच्या ‘रिपब्लिक’मधील सुतार आजारी पडला तर झटपट औषध मागतो, लांबलचक पथ्य सांगितल्यास मला आजारी पडण्यास वेळ नाही म्हणून कामावर परततो, आणि जगतो किंवा मरतो. प्लेटो माझा आवडता लेखक आहे, आणि सुताराच्या त्या उत्तरात एक मर्दानी डौल आहे हेही खरे. पण हे उत्तर सुताराने स्वतः द्यावे तर शोभते. नगराने त्याच्या वतीने दिले की त्याचा अर्थ पालटतो. प्लेटोने हा भेद ओळखला नाही, आणि त्याच्यामागून निरुपयोगी माणसांचा हिशेब मांडणाऱ्या राज्यकर्त्यांनी विसाव्या शतकात काय केले ते जगाने पाहिले.

रोमने हा हिशेब फार आधी मांडून पाहिला होता. ख्रिस्तपूर्व २९३ मध्ये रोममध्ये साथ आली तेव्हा एपिडॉरसहून या देवाचा साप नेण्यात आला आणि टायबर नदीतील बेटावर त्याचे देऊळ झाले. पुढे धनिक लोक आपले आजारी गुलाम त्या बेटावर नेऊन टाकू लागले. शुश्रूषेचा खर्च व त्रास वाचावा म्हणून. देवाच्या दारी टाकले म्हणजे पापही नाही! क्लॉडिअस बादशहाने शेवटी फर्मान काढले की असे टाकलेले गुलाम स्वतंत्र समजावे, बरे झाले तरी ते धन्याकडे परत जाणार नाहीत, आणि टाकण्याऐवजी कोणी त्यांना ठार केले तर तो खून मानला जाईल. इतिहासकारांनी क्लॉडिअसची पुष्कळ टवाळी केली आहे, पण या एका फर्मानासाठी मी त्याला बरेच माफ करीन.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात, एका मोठ्या शहरातील रुग्णालयाने सतरा दिवसांनी आम्हांस सांगितले, “आता घरी घेऊन जा.” हे वाक्य मराठी घरांतून इतके परिचित आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. सांगणाऱ्याचा स्वर सौम्य होता आणि त्याचे म्हणणे सत्य होते; त्याच्या विद्येची सीमा आली होती आणि ती त्याने लपविली नाही. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल नाही. त्यापुढे दुसरे वाक्यच नव्हते याबद्दल आहे. घरी नेऊन काय करावयाचे, रात्री वेदना वाढल्या तर काय द्यावयाचे, कुशीवर कसे वळवावयाचे, हे सांगावयास त्या इमारतीत कोणाचीच नेमणूक नव्हती. फाटकापर्यंत चाकांची खुर्ची मिळाली. फाटक ही तेथली सीमेची शिळा होती.

म्हणून एपिडॉरसच्या नियमाविषयी माझे मत असे बनले आहे. त्या देवाने मरणाऱ्याला बरे केले नाही, हा दोष नव्हे. त्याने आपली सीमा सांगितली, हा तर गुणच. मरणाऱ्याला ओवरीतून हलविले, हेही इतर रोग्यांसाठी एक वेळ समजून घेता येईल. दोष आहे तो सीमेपलीकडे काय होते याकडे कोणी पाहिले नाही यात. सीमेच्या आत १६० खोल्यांची धर्मशाळा होती, न्हाणीघरे होती, चार वर्षांनी भरणाऱ्या उत्सवासाठी शर्यतीचे मैदान होते, बारा हजारांचे नाट्यगृह होते. सीमेबाहेर काय होते ते पॉसेनियस लिहून गेला आहे. आवाराच्या आसपास राहणाऱ्या लोकांना मोठे दुःख होते, कारण त्यांच्या बायकांना बाळंत होण्यास आडोसा नव्हता आणि रोग्यांना उघड्यावर प्राण सोडावा लागे.

हा विधी दुष्ट लोकांनी चालविला होता असे मी मानीत नाही. दहा गोट्यांवर हसणारा देव ज्यांनी कल्पिला ते निर्दय असणे शक्य नाही. माझ्या मते प्रकार असा झाला असावा की नियमाने त्यांची नजर बांधून टाकली. जे आत घडत नाही ते आपल्याकडे घडतच नाही, असे संस्थेला हळूहळू वाटू लागते. शिलेवर नाव नाही, आवारात प्रेत नाही; मग दुःख उरले कोठे? डायागोरसची ती चित्रे येथे निराळ्या रूपाने पुन्हा भेटतात. यशाचीच नोंद ठेवणे निरुपद्रवी असते, पण ती नोंद रोज वाचणाऱ्याचे डोळे तिला सवकतात.

शिला कोरल्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी हा प्रकार संपला. अँटोनायनस नावाच्या एका रोमन सिनेटरने पॉसेनियसच्याच हयातीत एपिडॉरसला पुष्कळ बांधकामे केली. स्नानगृह बांधले, देवळे बांधली, मोडलेली ओवरी दुरुस्त केली. आणि त्याने एक घर बांधले, ज्यात माणसाला मरता यावे आणि स्त्रीला बाळंत होता यावे. नियम त्याने मोडला नाही. सीमेचे दगड जागच्या जागी राहिले. विटाळ विटाळच राहिला. त्याने फक्त पलीकडे छप्पर घातले.

सुधारकी मनाला हे अर्धवट वाटेल. नियमच चूक असेल तर तो मोडावा, त्याच्या कडेने घरे कसली बांधावयाची, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. नियमाला हात न लावता केलेल्या उपकाराने पुष्कळदा नियमाचेच आयुष्य वाढते. तरीही मी अँटोनायनसच्या बाजूने आहे. नियमाविरुद्ध लढणारा मनुष्य बहुधा नियमाकडे पाहात असतो. याने बाहेर पडलेल्या माणसांकडे पाहिले. ज्यांना त्या रात्री आडोसा हवा होता त्यांचा विटाळाच्या सिद्धान्ताशी काही वाद नव्हता. शिवाय या घरात एक गोष्ट घडली असावी जी कोणत्याही देवालयाने योजून घडविली नसती. विटाळाच्या न्यायाने मरणारा आणि जन्मणारा एका छपराखाली आले. एका बाजूस घरघर, दुसऱ्या बाजूस पहिला टाहो. सोयर आणि सुतक यांना एकत्र कुंपणाबाहेर घालविल्यामुळे ती एकमेकांची शेजारी झाली.

अशा घरांची परंपरा त्यानंतर अखंड चालली असे नाही. मरणोन्मुखांची सेवा हे वैद्यकाचे एक स्वतंत्र अंग म्हणून मान्य होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे घर उघडले. आपल्या देशातील अशा प्रकारचे पहिले घर, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झाले. ते माउंट मेरीच्या टेकडीवर आहे. त्याच टेकडीवरील देवळात नवसाला पावलेले लोक मेणाचे हात, मेणाचे पाय विकत घेऊन वाहतात, आणि त्यांत हिंदू, ख्रिस्ती, पारशी असा भेद नसतो. एपिडॉरसच्या शिलांची ती सख्खी भावंडेच. जिचे नाव कोणत्याही मेणावर उमटणार नाही त्या दुखण्यासाठी बांधलेले घर तेथून हाकेच्या अंतरावर असावे, ही जुळणी कोणी हेतुपूर्वक केली नसेल. पण त्या रस्त्याने जाताना मला ती दर वेळी दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ध्वजावर १९४८ पासून याच देवाचा दंड व साप आहे. चिन्ह निवडताना कोणी त्या कुंपणाचा विचार केला नसेल, आणि करण्याचे कारणही नव्हते. पॉसेनियसनेसुद्धा फारसा केला नाही. नाट्यगृहाचा प्रमाणबद्धपणा, गोल इमारतीतील चित्रे, मूर्तीचे हस्तिदंत यांविषयी तो रसिकतेने लिहितो. अँटोनायनसच्या त्या घराला त्याने एक वाक्य दिले आहे. त्यानंतर तो कुंजावरच्या दोन डोंगरांची नावे सांगतो, आणि तेथून त्या प्रदेशातच आढळणाऱ्या, माणसाळलेल्या, पिवळसर रंगाच्या सापांच्या वर्णनाकडे वळतो.